रेड रिव्हरचा शेवट पचतो का तुम्हाला?

कापूसकोंड्या: काल तिसऱ्यांदा बघितला. हॉवर्ड हॉक्सचा वेस्टर्न सिनेमा, १९४८ चा, जॉन वेन (डन्सन) आणि मॉन्टगोमेरी क्लिफ्ट (मॅट). ज्यांनी बघितला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: डन्सन टेक्सासात स्वतःचा एक बैल आणि अनाथ पोरगा मॅटची एक गाय यावर रँच उभा करतो, चौदा वर्षांत हजारो गुरं होतात पण सिव्हिल वॉरनंतर तिथे त्यांना गिऱ्हाईकच नाही म्हणून कळप मिसुरीकडे हाकत न्यायचा, आणि वाटेत म्हातारा असा काही पिसाळतो की मॅट त्याला मागे टाकून कळप घेऊन कॅन्ससमधल्या अ‍ॅबिलीनला निघतो. म्हातारा म्हणतो, गाठून मारीन. दोन तास हे तापवून शेवटी काय, तर मॅटची प्रेयसी टेस बंदूक घेऊन मधे घुसते, दोघांना झापते आणि दोघं गपगार! बोर्डन चेसच्या मूळ कथेत डन्सन मरतो, तेच बरोबर होतं.

बांधावरचा: अजिबात पटलं नाही. सुरुवात आठव की. म्हातारा गुरांवर डागायची खूण मातीत काढतो, नदीच्या दोन रेघा आणि डी, तर पोरगं लगेच विचारतं यात माझा एम कुठाय, तो म्हणतो कमव, मग घालीन. शेवटी पुन्हा मातीतच काढतो, आता एमसकट. सिनेमा मारामारीचा नाहीच रे, सातबाऱ्यावर नाव कधी चढणार याचा आहे.

कापूसकोंड्या: अरे पण त्याच म्हाताऱ्याने मधे टेसला सांगितलं ना, मला मुलगा दे, माझ्या सगळ्यातलं अर्धं तुझं? म्हणजे मॅटचं नाव कधीच खोडून झालं होतं. आणि मॅटच्या बाजूचा बंदूकबाज चेरी, त्याला गोळी घातली त्याचं काय? तो तिकडे पडलाय आणि इकडे हे हसतायत.

बांधावरचा: चेरीचं मान्य. तिथे हॉक्सने सरळ काणाडोळा केलाय. पण म्हातारा गुरांमधून चालत येतो तो शॉट बघ परत, मॅट पिस्तुलाला हातच लावत नाही, हा कानाजवळून गोळ्या मारतो, गालाला चाटून एक जाते पण ठार करवत नाही त्याला. टेस यायच्या आधीच विषय संपलेला असतो.

रानवारा: तुम्ही दोघं वाटणीवर भांडताय पण जमीन कुणाची? डॉन दिएगो या मेक्सिकन जमीनदाराची. त्याचा माणूस सांगायला आला तर डन्सनने त्याला तिथेच उडवला आणि वर पुरून बायबल वाचलं. वारसा कसला, लुटीतला हिस्सा आहे तो. (डन्सनचा स्वयंपाकी, म्हणजे वॉल्टर ब्रेनन, त्याची कवळी पोकरमधे गेली, तो व्यवहार जास्त सरळ होता.)

कापूसकोंड्या: हे भारीये 😂 पण मग तर म्हातारा मरायलाच हवा होता.

बांधावरचा: आणि एम कुणी काढला असता मग?