ॲक्रिलिकची अक्षरं रंगवून भिंतीवर कशी बसवावीत? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

आमच्या गावच्या ग्रंथालयात आतल्या भिंतीवर नाव लावायचं आहे. ५ मिमी जाडीच्या पांढऱ्या ॲक्रिलिकमधून लेझरने अक्षरं कापून आणली, उंची साधारण ६ इंच. रंग गडद मरून हवा, म्हणून घरीच रंगवतोय.

उरलेल्या तुकड्यावर स्प्रे मारून पाहिला. दुसऱ्या दिवशी नख लावताच रंगाची पापडी निघाली. ४०० नंबरच्या पॉलिश पेपरने घासून, प्रायमर देऊन मग रंग द्यावा का? थिनरने पुसल्यावर कापलेल्या कडांना बारीक तडे गेले, त्यामुळे आता साबणाच्या पाण्यानेच धुतो.

खरी काळजी भिंतीची आहे. जुना डिस्टेंपर, हात फिरवला की पांढरी पूड लागते. डबल टेपने लावलेला तुकडा रात्रीतून खाली आला आणि टेपला डिस्टेंपरचा थर तसाच चिकटलेला! न्यूट्रल सिलिकॉन धरेल का, की तेवढा पट्टा खरवडून आधी भिंतीला प्रायमर मारावा? भोकं पाडायला परवानगी नाही.

शिरोरेषेमुळे शब्द एकसंध आहे, पण ‘ग्रं’वरचा अनुस्वार सुटा आहे. कागदावर पूर्ण आकाराचा छापा काढून तो भिंतीवर लावायचा आणि त्यावरून जागा धरायची, असं मनात आहे. एवढ्याशा टिंबाला सिलिकॉन लावलं तर कडेने बाहेर येईल, अशी भीती वाटते.

हे काम ज्यांनी स्वतः केलंय, त्यांनी कृपया क्रमाने सांगा. नाव नीट लागावं आणि वर्षानुवर्षं टिकावं, एवढीच इच्छा आहे.