ग्रँट डफ: साताऱ्याचा कारभारी की मराठ्यांचा इतिहासकार?

प्रश्न

जेम्स ग्रँट डफ याने १८२६ साली तीन खंडांत प्रसिद्ध केलेला मराठ्यांचा इतिहास सध्या वाचत आहे. मुळात हा ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेतला अधिकारी. अशा माणसाला बखरी, सनदा, पत्रव्यवहार एवढे साहित्य हाताळायला कसे मिळाले आणि त्याच्या नोकरीची छाया त्याच्या लेखनावर कितपत पडली आहे, हे जाणकारांनी सांगावे.

प्रतिसाद १

आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर त्याच्या नोकरीतच आहे. १७८९ साली स्कॉटलंडमधील बँफ येथे जन्मलेला हा मुलगा १८०५ साली कंपनीचा कॅडेट झाला आणि मुंबईच्या ग्रेनेडियर पलटणीत दाखल झाला. काठियावाडातील मालियाच्या हल्ल्यात त्याने नाव कमावले, पण त्याचे नशीब उघडले ते फारसीमुळे. पलटणीचा दुभाषा म्हणून काम केलेला हा अधिकारी पुढे पुण्याचा रेसिडेंट, म्हणजे पेशव्यांच्या दरबारातील कंपनीचा प्रतिनिधी, माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन याच्या हाताखाली आला आणि १८१८ साली पेशवाई बुडाल्यावर साताऱ्याची व्यवस्था त्याच्याकडे सोपवण्यात आली. छत्रपती प्रतापसिंह गादीवर होते, २५ सप्टेंबर १८१९ च्या तहाने नीरेपासून वारणेपर्यंतचा मुलूख त्यांच्या नावे झाला, पण १८२२ साली अधिकार महाराजांच्या हाती देईपर्यंत प्रत्यक्ष कारभार ग्रँटच पाहत होता. राजाचे दफ्तर, जिंकलेल्या पेशव्यांचे कागद आणि वतनांचे दावे घेऊन दारी येणारी जुनी घराणी हे सगळे एकाच माणसाच्या हुकमतीखाली आल्यावर कागदांची वाण कशी पडणार? (आडनावातला ‘डफ’ मागाहूनचा आहे. मायदेशी परतल्यावर आईकडून ईडनची जहागीर आली, तेव्हा १८२५ मध्ये त्याने तो जोडला.)

प्रतिसाद २

छायेविषयी लिहितो. मराठी सत्तेचा उदय त्याने सह्याद्रीतील वणव्यासारखा, जवळजवळ अपघाताने झालेला दाखवला, आणि न्यायमूर्ती रानडे यांनी १९०० साली नेमक्या याच कल्पनेचे खंडन केले. त्याआधीच, १८६० च्या दशकात, नीळकंठ जनार्दन कीर्तने या तरुणाने ग्रँट डफच्या ग्रंथावर सविस्तर टीका लिहिली होती. जिंकलेल्या मुलखाचा बंदोबस्त करणाऱ्याला त्या मुलखाच्या पूर्वीच्या सत्तेत काही धोरण, काही ध्येय दिसावे ही अपेक्षाच जरा जास्त आहे, असे मला वाटते. अफजलखान प्रकरणात शिवाजी महाराजांवर त्याने ठेवलेला विश्वासघाताचा ठपकाही याच दृष्टीतून आला आहे.

प्रश्नकर्ता

दोघांचेही आभार. मग त्याच्या सर्वच चुका या दृष्टीमुळे झाल्या असे मानावे काय?

प्रतिसाद १

मुळीच नाही, आणि इथे आपल्याकडे थोडी गल्लत होते. शिवाजी महाराजांचा जन्म त्याने १६२७ च्या मे महिन्यात दिला आहे, पण त्यात साहेबी आकस नाही. बखरींच्या परंपरेत हेच साल रूढ होते. लोकमान्य टिळकांनी १९१६ साली जेधे शकावली (जेधे घराण्याकडील सालवार नोंदींची यादी) उजेडात आणल्यावर शके १५५१ ची फाल्गुन वद्य तृतीया, म्हणजे फेब्रुवारी १६३०, ही तिथी पुढे आली. मल्हार रामराव चिटणीसांसारख्या, घटनेनंतर दीडशेहून अधिक वर्षांनी लिहिणाऱ्या बखरकारावर विसंबल्याने झालेली चूक आणि कारभाऱ्याच्या चष्म्यातून झालेली चूक या वेगळ्या ठेवल्या पाहिजेत. पहिली नव्या कागदाने दुरुस्त होते; दुसरीसाठी कागद तेच राहून वाचणारा बदलावा लागतो. त्याच्या तळटीपा मात्र वगळू नका, कारण कोणती माहिती कुठून घेतली हे तो बहुतेक ठिकाणी प्रामाणिकपणे नोंदवतो.