स्क्रीनशॉटला टर्मिनल कशाला? घ्या, सविस्तर उत्तर

पाईपवाला
"स्क्रीनशॉट काढून दुवा पाठवायला कमांड लिहिणारे स्वतःला फार हुशार समजतात, बाकी काही नाही." इति निवांत. एरवी सोडून दिलं असतं, पण हे झोंबलं.

मुळात टर्मिनल (कमांड टाइप करायची खिडकी) उघडतो कोण? कमांडची स्क्रिप्ट कीबोर्डच्या एका कळीला बांधलेली असते. कळ दाबली की स्लर्पने चौकोन आखायचा, ग्रिम तेवढाच भाग टिपतो, कर्ल तो सर्व्हरवर चढवतो आणि दुवा क्लिपबोर्डवर हजर. मी फक्त पेस्ट करतो. तुमच्याकडे काय? फाईल सेव्ह करा, डाउनलोड्समध्ये "स्क्रीनशॉट (47)" हुडका, ब्राउझरमध्ये ओढून टाका, जाहिरात बंद करा, मग दुवा. शिवाय सुटे भाग जोडलेले असले की हवा तो बदलता येतो. चित्र टिपायला आधी स्क्रॉट होतं, मग मेम, आणि लिनक्सची पडद्यावर खिडक्या दाखवणारी जुनी व्यवस्था एक्स11 सोडून नव्या वेलँडवर आल्यावर ग्रिम. कर्लची ओळ अजून तीच आहे.

निवांत
झोंबलं ते दिसलंच. :) पण "बदलता येतो" नाही हो, बदलावा लागला. एक्स11 गेलं आणि स्क्रॉट काळं चित्र द्यायला लागलं म्हणून तुम्ही हललात. आणि तुमचं ते ग्रिम माझ्या ग्नोम डेस्कटॉपवर चालतच नाही. माझं प्रिंटस्क्रीन बटण दोन्हीकडे चाललं, मी काहीही केलं नाही.

खडूस टेस्टर
वेगाचं कौतुक पुरे. टिपणं आणि चढवणं एकाच कळीवर ठेवणं हाच घोळ आहे. मेममध्ये ओढलं तर चौकोन, नुसतं क्लिक झालं तर अख्खी खिडकी. आमच्या टीममधल्या एका पठ्ठ्याचा हात असाच घसरला. दाखवायचा होता एक आलेख, गेली पूर्ण टर्मिनलची खिडकी, वरच्या ओळींत सर्व्हरची गुप्त चावी. दुवा क्लिपबोर्डवर तयार, गडी न बघता ग्राहकाच्या गटात पेस्ट करून मोकळा. ती संध्याकाळ सगळ्यांनी चाव्या बदलण्यात घालवली.

पाईपवाला
मग दोष हाताचा, कमांडचा नाही. माझा सर्व्हर स्वतःचा, फाईलचं नाव लांबलचक आणि कुणाला अंदाज न येणारं. स्क्रीनशॉट चढवणाऱ्या लाईटशॉट अ‍ॅपसारखं नाही. तिथे पूर्वी दुव्यात जेमतेम सहा अक्षरं-आकडे असायचे, एक बदललं की दुसऱ्याचं चित्र. लोक टाइमपास म्हणून बघत बसायचे.

जुनं खोड
चित्र चढवायचं कसं यावर भांडताय, पण चढवताय काय ते बघा. दहातले नऊ स्क्रीनशॉट एरर मेसेजचे असतात! मजकूर आहे, मजकूर पाठवा ना! चित्रात ना शोधता येतं, ना कॉपी करता येतं. माझा एक सहकारी स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर वापरतो. त्याला दिवसभर "चित्र, चित्र, चित्र" एवढंच ऐकू येतं. आणि ही चित्रं टिकतात कुठे? चित्रं ठेवायच्या साइटींपैकी 2017 मध्ये फोटोबकेटने इतर साइटींवर चित्रं दाखवायचे पैसे मागितले, 2023 मध्ये इमगरने खात्याशी न जोडलेली, कुणी न बघितलेली जुनी चित्रं काढायचं धोरण आणलं. जुना धागा उघडावा तर "खालील चित्रात दिल्याप्रमाणे करा" आणि खाली फुटका चौकोन.

नवखी
काका, डायलॉगमधला मजकूर सिलेक्टच होत नाही, मग काय हाताने टाइप करू? नोकरीच्या सुरुवातीला मी तेच केलं. एक अक्षर चुकलं म्हणून सीनियरने सगळ्यांसमोर ऐकवलं. तेव्हापासून चित्रच पाठवते.

जुनं खोड
विंडोजच्या साध्या मेसेज बॉक्सवर सरळ कंट्रोल-सी दाबा. काही सिलेक्ट करावं लागत नाही, शीर्षकासकट मजकूर येतो. कितीतरी वर्षांपासून आहे हे.

नवखी
चाललं. हे आधी कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. ओरडायला मात्र सगळे पुढे.

पाईपवाला
ग्रिमचं चित्र टेसरॅक्टला (चित्रातली अक्षरं ओळखणारी कमांड) द्या, मजकूर बाहेर. बघा, एका कमांडचं उत्तर दुसरीला देणारा पाईपच पुन्हा कामी आला.

खडूस टेस्टर
आणि शून्याचा ओ झाला की तासभर तोच एरर शोधत बसा.

आडवातिडवा
जुनं खोड, सरसकट बोलू नका. मी फॉन्टचं काम बघतो. "दुसऱ्या"मधला अर्धा र निखळून पाय मोडका र वेगळा पडलाय, हे मजकुरात कसं कळवू? मी पेस्ट करणार, तुमच्याकडे फॉन्ट बरा असणार, तुम्हाला ते ठीकच दिसणार आणि वर मला म्हणणार "माझ्याकडे तर चालतंय". हेच ऐकत आलोय. चित्राशिवाय ही तक्रार नोंदवताच येत नाही.

जुनं खोड
बरं, फॉन्टवाल्यांना माफी. बाकीच्यांना नाही.

आडवातिडवा
माफी मागितली कुणी?

निवांत
मूळ मुद्द्यावर येऊ का? बटणवाल्या अ‍ॅपमध्ये पाठवण्याआधी चित्र डोळ्यांखालून जातं. खडूस यांच्या पठ्ठ्याचं तिथेच वाचलं असतं.

खडूस टेस्टर
बटणवाल्यांनी फार मान वर करू नये. 2023 मध्ये पिक्सेल फोनच्या मार्कअप या स्क्रीनशॉट कापायच्या अवजारात जो दोष निघाला तोच विंडोज 11च्या स्निपिंग टूलमध्येही. चित्र कापून त्याच फाईलवर सेव्ह केलं की जुन्या फाईलची शेपटी मागे तशीच. कापलेला बराचसा भाग परत काढता यायचा. वापरणाऱ्याने डोळे फाडून बघितलं तरी दिसलं नसतं. आणि गुप्त मजकूर धूसर करणाऱ्यांनो, पिक्सेल मोठे केलेली अक्षरं ओळखणारी अवजारं फुकट मिळतात. सरळ काळा पट्टा मारा.
पाईपवाला, तुमच्यासाठी उपाय सोपा आहे. ग्रिम आणि कर्लच्या मध्ये चित्र दाखवा, एंटर दाबल्यावरच चढवा.

पाईपवाला
म्हणजे शेवटी बटण आणलंतच. ठीक आहे, दोन ओळी घालतो. निवांत, लगेच हुरळू नका, त्या दोन ओळी मला घालता येतात. तुम्हाला तुमच्या अ‍ॅपमधली जाहिरात काढता येते का?

निवांत
माझ्या अ‍ॅपला जाहिरातच नाही. ते चित्र माझ्याच मशीनवर ठेवतं. दुवा हवा कुणाला? मी फाईल थेट जोडतो.

नवखी
एक विचारू? वेबपेजवरच्या एरर बॉक्समध्ये कंट्रोल-सी चालत नाहीये.

जुनं खोड
तो मेसेज बॉक्स नाही. ब्राउझरमध्ये एफ12 दाबा, कन्सोल या भागात बहुतेक लाल ओळ दिसेल, ती कॉपी करा. चित्र नको!