बिबट्याच्या शेजारी वाढणारी मुलं

मुलांना जंगली प्राण्यांची भीती घालू नये, फक्त प्रेम शिकवावं, असं एक मत ऐकायला मिळतं. मला ते अर्धंच पटतं. जुन्नर-आंबेगावकडच्या मुलांना बिबट्या सहलीत दिसत नाही, तो घरामागच्या उसात राहतो. तिथे आडोसा आहे, पाणी आहे, कुत्री-शेरडं जवळ आहेत. मादी पिल्लंही उसातच देते. अशा ठिकाणच्या पोराला नुसतं "बिबट्या किती गोंडस" सांगून कसं चालेल?

त्याला नेमकं सांगायला हवं. अंधार पडल्यावर उसाच्या कडेला एकट्याने जायचं नाही, बसायचं तर अजिबात नाही. खाली बसलेलं माणूस बिबट्याला लहान जनावरासारखं वाटू शकतं. समोर आलाच तर पळायचं नाही. ताठ उभं राहून मोठ्याने ओरडायचं, त्याच्याकडे पाठ न करता हळूहळू मागे सरायचं.

डहाणू-जव्हारकडचे वारली आदिवासी वाघोबाला, म्हणजे वाघ-बिबट्याच्या रूपातल्या देवाला, पूजतात. त्यात धाक आणि माया वेगळी काढताच येत नाही, मला तेच खरं वाटतं.

आणि ऊसतोडीत पिल्लू सापडलं तर हात लावायचा नाही, फोटोसाठी तर नाहीच. ही चूक मोठी माणसंच जास्त करतात! वनखात्याची माणसं पिल्लं सापडलेल्या जागीच परत ठेवतात आणि पुष्कळदा रात्री आई येऊन एकेकाला तोंडात धरून नेते. हे मुलांना सांगून बघा, डोळे केवढे होतात त्यांचे.