मदत हवी आहे: सोनोग्राफीत १९ मिमीची गाठ साधी आणि ११ मिमीची संशयास्पद, असं कसं?

नमस्कार. प्रश्न धाकट्या भावाचा आहे, वय २६. दीड महिन्यापूर्वी घसा धरला, ताप आला आणि मानेला अवधाण आलं. ताप चार दिवसांत उतरला. अँटिबायोटिकचा कोर्स झाल्यावर जबड्याखालच्या गाठी बऱ्याच बसल्या, पण मानेच्या मागच्या अंगाला एक आहे ती तशीच आहे. दुखत नाही, म्हणून तो निवांत. मी नाही.

सोनोग्राफीचा रिपोर्ट जमेल तसा मराठीत उतरवते: "दोन्ही बाजूंना लेव्हल २ (जबड्याच्या कोनाखाली) मध्ये अनेक लसिका ग्रंथी, सर्वांत मोठी १९ × ७ मिमी, हायलम शाबूत. उजवीकडे लेव्हल ५ (मानेचं मागचं अंग) मध्ये एक गोलसर ग्रंथी, ११ × ९ मिमी, हायलम दिसत नाही, कडेने रक्तप्रवाह."

फॅमिली डॉक्टर म्हणतात, जेमतेम सेंटिमीटरची आहे, महिनाभर थांबू. कान-नाक-घसा डॉक्टर म्हणतात, सुई घालून तपासू. आईचं एकच पालुपद, गाठीला सुई लागली की ती पसरते. मोठी सोडून छोटीच्या मागे का लागलेत? सरळ सीटी स्कॅन का करू नये?

प्रतिसाद

मी सोनोग्राफीच्याच कामात आहे. भावाला तपासलेलं नाही, तेव्हा हे निदान समजू नका.

नुसती लांबी बघून काही कळत नाही. निरोगी ग्रंथी लांबट, मूत्रपिंडाच्या आकाराची असते आणि मधे एक पांढुरकी रेघ दिसते. तो हायलम, म्हणजे ग्रंथीचा देठ. रक्तवाहिन्या तिथूनच आत शिरतात. घसा बिघडला की ग्रंथी सुजते, पण घडण तीच राहते. १९ भागिले ७ केलं तर अडीचच्या वर येतं, म्हणजे लांबट, आणि देठ जागेवर. जबड्याच्या कोनाखालची ती ग्रंथी तशीही मानेतली सगळ्यांत थोराड असते. ११ भागिले ९ मात्र सव्वाच्याही आत. हे गुणोत्तर दोनच्या खाली गेलं की आम्ही थबकतो. आत काही वाढत असेल तर ग्रंथी फुगून गोल होते, देठ दबतो किंवा पुसला जातो, आणि रक्त देठातून न येता कडेकडेने शिरताना डॉपलरवर (सोनोग्राफीत रक्तप्रवाह दाखवणारी सोय) दिसतं. या एका ग्रंथीत तिन्ही खुणा आहेत. (जबड्याच्या हाडालगतच्या आणि कानापुढच्या ग्रंथी मुळातच गोलसर असतात, तिथे नुसत्या गोलपणाला घाबरायचं नसतं. ही तिथली नाही.)

आत काय आहे ते सोनोग्राफी ठामपणे सांगू शकत नाही. ग्रंथी एकमेकींना चिकटलेल्या, मधे पातळ झालेल्या असल्या तर क्षयाकडे बोट जातं. बारीक कॅल्शियमचे ठिपके किंवा पाण्याचे कप्पे दिसले तर थायरॉइड नीट बघावी लागते. बारीक जाळी दिसली तर लिम्फोमा, म्हणजे लसिका ग्रंथींचा कर्करोग, मनात येतो. पण या खुणा एकमेकींत मिसळतात, म्हणून सुई.

सीटी लागतो तो घशामागच्या खोल ग्रंथींसाठी, जिथे आमचा प्रोब पोचत नाही. कातडीजवळच्या ग्रंथीची आतली वीण सोनोग्राफीतच जास्त स्वच्छ दिसते, तेही किरणोत्सर्गाशिवाय.

प्रतिसाद

ताई, मला स्वतःला गंडमाळ, म्हणजे मानेतल्या ग्रंथींचा क्षय, झाली होती, म्हणून लिहितो. पहिल्यांदा नुसत्या हाताने चाचपून सुई घातली, रिपोर्ट आला "नमुना अपुरा". दुसऱ्यांदा सोनोग्राफीत बघत घातली तेव्हा नेमकं मिळालं. पहिल्याच वेळी तसं मागा. आणि नमुना फक्त काचपट्टीवर जाऊ देऊ नका, क्षयाच्या सीबीनॅट (जंतूच्या जनुकांची चाचणी) आणि कल्चरलाही (जंतू वाढवून बघतात ती चाचणी) पाठवायला सांगा. सहा महिन्यांच्या गोळ्यांनी बरा झालो. मधेच गाठ उलट वाढली होती, हातपाय गळाले होते. पण उपचार बरोबर चालू असतानाही असं होतं, हे नंतर कळलं.

प्रतिसाद

आईंना सांगा, या बारीक सुईने रोग पसरण्याचा धोका नगण्य आहे. खरी चूक वेगळीच होते: निदानाआधी कुणीतरी सूज उतरावी म्हणून स्टिरॉइड देतं. लिम्फोमा असेल तर गाठ तात्पुरती विरघळते आणि बायोप्सीत काही सापडत नाही. लिम्फोमाची शंका आली तर बारीक सुई पुरत नाही. जाड सुईने तुकडा किंवा अख्खी ग्रंथी काढून द्यावी लागते. रात्री घाम, संध्याकाळचा ताप, वजन? आणि थायरॉइड बघितली का?

धागाकर्ती

सगळ्यांचे आभार. थायरॉइड रिपोर्टात नॉर्मल आहे. घाम नाही, ताप नाही. वजन विचारलं तर साहेब सहज म्हणाले, चार किलो उतरलंय, व्यायामामुळे असेल. दोन महिन्यांत व्यायामाला किती वेळा गेला ते मला माहीत आहे! गुरुवारची वेळ घेतली आहे, सोनोग्राफीत बघूनच सुई घालणार आहेत. उपाशीपोटी जावं लागतं का?

प्रतिसाद

बारीक सुईला सहसा नाही. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर आधी सांगा. आणि हे चार किलो डॉक्टरांना तुम्हीच सांगा, तो सांगणार नाही.