प्रतिसाद: देव दयाळू आहे तर लेकरांना कॅन्सर काहून?
दादा, तुमच्या या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नाही आणि 'देवाची इच्छा' म्हणून कोणी समजूत घालायला आलं की मला रागच येतो. पण बायबलमधल्या ईयोबाकडे बघा ना, लेकरं गेली, अंगभर गळवं, मित्र म्हणतात तुझंच पाप असेल, तो मात्र देवाशीच भांडत राहतो आणि शेवटी देव त्या मित्रांवरच चिडतो. येशूनंही क्रुसावर 'माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास' असाच टाहो फोडला, बायबलमधल्या 22 व्या स्तोत्राची सुरुवात आहे ती. इथं नागपुरात आईच्या केमोच्या वेळी सदर भागातल्या चर्चमधल्या मावशी डबा घेऊन यायच्या, उपदेश एक नाही, नुसत्या हात धरून बसायच्या, मला देवाची दया तिथं दिसली. आई गेली, पण ख्रिस्त उठला तशी तीही उठेल ही आशा मी धरून आहे.