मदत हवी आहे: आईच्या गुडघ्यावर सूज, सांधा झिजलाय का?

ऐरोलीकर: आईच्या गुडघ्यावर लिंबाएवढी सूज आहे. डॉक्टरांनी 'बर्सायटिस' लिहिलं आणि पुढचा पेशंट बोलावला. एक्स-रे नॉर्मल. मग सूज कसली? चौथा मजला, लिफ्ट बंद. लवकर सांगा.

नौपाडा_काका: नेमकी कुठे? वाटीवर, खाली की मागे? वय? शुगर?

ऐरोलीकर: वाटीवरच. वय ६१.

घणसोलीची_मावशी: माझ्या सासूबाईंनी असंच अंगावर काढलं, शेवटी गुडघा बदलावा लागला. सरळ सांधा बदलून घ्या.

फिजिओ_ठाणे: मावशी, सांधा बदलायचा प्रश्नच नाही. बर्सा म्हणजे हाड आणि कातडी किंवा स्नायू यांच्यामधली बुळबुळीत द्रवाची पातळ पिशवी, घर्षण कमी करणारी. खांदा, कोपर, खुबा, टाच, सगळीकडे असतात. सतत दाब पडला की ती सुजते. वाटीपुढची पिशवी सांध्याच्या बाहेर असते, त्यामुळे या सुजेचा अर्थ आतली कूर्चा झिजली असा नाही. एक्स-रेत मुख्यतः हाडं दिसतात. आई गुडघे टेकून काही करतात का?

ऐरोलीकर: फरशी पुसते. मॉपने स्वच्छ होत नाही म्हणते. गणपतीच्या आधी सलग चार दिवस पुसत होती.

कळवेकर७: निर्गुंडीचं तेल जोर लावून चोळा, वर गरम शेक. आमच्या आजोबांचा गुडघा त्यानेच बरा झाला.

फिजिओ_ठाणे: चोळू नका हो! बर्फ फडक्यात गुंडाळून १५ मिनिटं ठेवा, गुडघे टेकणं बंद.

कळवेकर७: बर्फाने वात धरतो. अनुभव आहे.

वाशी_सेक्टर९: लिफ्ट किती दिवस बंद आहे? कमिटीला लेखी पत्र द्या, पोच घ्या. ऐकलं नाही तर उपनिबंधकांकडे तक्रार. आम्ही केली होती.

नौपाडा_काका: लिफ्ट नंतर. शुगरचं उत्तर अजून आलं नाही. कातडी लाल, गरम आहे? ताप?

ऐरोलीकर: शुगर आहे, १० वर्षं गोळी चालू आहे. कातडी लाल आणि गरम लागते. काल रात्री कणकण होती, पण दगदगीने असेल असं वाटलं. फुटक्या टाइलने तिथे खरचटलंही होतं.

फिजिओ_ठाणे: मग आजच दाखवा, उद्यावर ढकलू नका. खरचटल्यातून जंतू पिशवीत शिरू शकतात, शुगरमध्ये जास्तच धोका. सुईने पाणी काढून तपासतात आणि अँटिबायोटिक देतात. तपासणीआधी स्टिरॉइडचं इंजेक्शन घेऊ नका. गुडघा वाकतो का? अजिबात हलवू देत नसतील तर जंतू सांध्यातच असू शकतात, मग थेट इमर्जन्सीत.

ऐरोलीकर: वाकतो, ताण बसला की दुखतं. शेजारच्या दोघांनी खुर्चीत बसवून खाली आणलंय. रिक्षात आहोत.